मास्तरांचा वाढदिवस

माढ्याला कोणी सहलीला जात नाही. लोक महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात, हल्ली तर दुबईलाही जाऊन येतात. पण "यंदाची सुटी आम्ही माढ्याला काढली" असे सांगणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला माढा ठाऊक असते ते निवडणुकीमुळे. २००९ साली शरद पवार तेथून लोकसभेवर गेले, तेव्हापासून दर निवडणुकीला "माढ्यात काय होणार?" असे विचारायची रीत पडली आहे. विचारणाऱ्याला माढा सोलापूरच्या अलीकडे की पलीकडे, याची बहुधा कल्पना नसते.

आमचे मूळ घर माढ्याचे, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे. पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना आणि मध्ये दूरवर सपाट पसरलेला हा तालुका. गावात राव रंभा निंबाळकरांचा किल्ला आहे. हे निंबाळकर निजामाच्या पदरचे मोठे सरदार. माढेश्वरीचे देऊळही त्यांनीच बांधले, असे सांगतात. आणि एक विठ्ठलमंदिर आहे. अफजलखान चाल करून आला तेव्हा पंढरपूरची मूर्ती माढ्याला आणून लपवली होती, अशी परंपरा आहे. मूळ मूर्ती ती माढ्याचीच, असे रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४च्या ग्रंथात मांडले आणि मोठा वाद झाला. त्या वादात शिरण्याइतकी माझी विद्वत्ता नाही. मला एवढेच दिसते की, बाहेर संकट आले म्हणजे आपल्या जिवाभावाचे कोणी माढ्याला आणून ठेवायची चाल जुनी आहे. २०२१च्या जुलैत आमच्या चिरंजीवांनी तेच केले. पुण्यातला फ्लॅट बंद करून ते, सूनबाई आणि मास्तर असे तिघे माढ्याला आले.

मास्तर म्हणजे आमचा नातू. त्याला घरात सगळे स्टेशनमास्तर म्हणतात. दौंडपासून सोलापूरपर्यंतची सगळी स्टेशने त्याला ओळीने पाठ आहेत. केम, ढवळस, कुर्डुवाडी, वडशिंगे, माढा, वाकाव असा त्याचा पाठ सुरू झाला की मध्येच आपण एखादे लहान स्टेशन गाळून दाखवावे. मास्तर कानांवर हात दाबून पुन्हा दौंडपासून आरंभ करतात. पाहुणे आले की तो नमस्कार करीत नाही. "यात्रीगण कृपया ध्यान दें" असे खणखणीत आवाजात म्हणतो आणि आत निघून जातो. पाहुण्यांना ते उद्धटपणाचे वाटते. आम्हांला माहीत आहे की हा त्याचा नमस्कारच आहे.

तो स्वमग्न आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकाला ही अवस्था नीट माहीत झाली. आपल्याकडे १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आणि पुढे २०१६च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात तिची नोंद झाली. 'स्वमग्न' हा शब्द ज्यांनी योजला त्यांचा मी आदर करतो, पण तो मला पटत नाही. आमचा नातू स्वतःत मुळीच मग्न नसतो. तो रेल्वेत मग्न असतो. मी त्याला माझ्या लहानपणच्या बार्शी लाइटची गोष्ट सांगतो. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झालेली, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने आखलेली ती चिमुकली गाडी. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोचलेली. आषाढीला वारकऱ्यांनी अशी लगडलेली की इंजिन कोठे आहे ते शोधावे लागे. मी गोष्ट रंगवीत असतो, आणि मास्तरांना सगळ्यांतून एकच हवे असते. "अडीच फूट," ते म्हणतात. म्हणजे दोन रुळांमधले अंतर. "आणि आता?" मी विचारतो. "पाच फूट सहा इंच." ती लाइन या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाली, याचे मला वाईट वाटते. मास्तरांचे दोन्ही आकड्यांवर सारखेच प्रेम आहे.

आता वाढदिवसाकडे येतो. तो ऑगस्टच्या उत्तरार्धात असतो. दर वर्षी त्या दिवशी त्याला स्टेशनावर नेऊन दोन तास गाड्या दाखवायच्या, हा नेम होता. २०२० साली मार्चमध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. ऑगस्टपर्यंत काही थोड्या सुटल्या होत्या. आम्ही फोनवरून त्याला हौसेने सांगितले, "उद्या वाढदिवस, उद्या गाडी!" दुसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याला शहरातल्या एका स्टेशनावर घेऊन गेले. दारावरच्या माणसाने तिकीट विचारले. नियमच तसा होता, बिचाऱ्याचा काय दोष? पण मास्तरांना नियम कोण सांगणार? त्याला 'उद्या गाडी' सांगितली होती, आणि उद्या उजाडली होती. तो तेथेच फरशीवर आडवा झाला. घरी आणल्यावर त्याने भिंतीवर डोके आपटून घेतले. ती खूण कपाळावर महिनाभर होती.

खूण गेली, पण एक गोष्ट राहिली. त्या दिवसापासून 'उद्या' हा शब्द घरातून हद्दपार झाला. कोणी चुकून "उद्या भाजी आणू" म्हटले तरी तो किंचाळे. सूनबाई वर्षभर 'सोमवारी', 'झोपून उठल्यावर' असे म्हणत दिवस ढकलीत होत्या. आपण दिवसातून किती वेळा 'उद्या' म्हणतो, ते एकदा मोजून पाहा.

त्या काळात जगभर अशा मुलांचे काय चालले होते, ते मी वर्तमानपत्रांतून कात्रणे काढून ठेवीत असे. इंग्लंडात लोकांना व्यायामासाठी दिवसातून एकदाच बाहेर पडायची मुभा होती. २०२०च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने स्वमग्न माणसांना एकाहून अधिक वेळा, आणि लागल्यास दूरच्या निवांत जागीही जाता येईल, असे जाहीर केले. स्पेनमध्ये अशा मुलांना बाहेर न्यायची परवानगी होती, पण गॅलरीत उभे राहिलेले शेजारी आईबापांवर ओरडत. तेव्हा काहींनी मुलांच्या हाताला निळी फीत बांधली. काही आईबाप मात्र रागावले: मुलाला शिक्का का मारायचा? मला दोघांचेही म्हणणे पटले. आणि आपल्या इकडची हकीकत तर खुद्द रेल्वेची आहे. मुंबईतल्या साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला गाई-म्हशी-शेळीचे दूध सोसत नव्हते. त्याला उंटिणीचे दूध लागे आणि ते राजस्थानातून येणे बंद झाले होते. लुधियानाहून वांद्र्याला जाणारी पार्सलगाडी फालना स्थानकावर, थांबा नसताना, थांबवली गेली आणि वीस लिटर दूध मुंबईला पोचले. ही बातमी मी मास्तरांना वाचून दाखवली. "फालना," ते म्हणाले, आणि आठवडाभर तेच म्हणत राहिले.

तर २०२१चा वाढदिवस. मी मनात बेत रचून ठेवला होता: कुर्डुवाडी जंक्शन, मग टेंभुर्णीवरून उजनीचे धरण, येताना देवीचे दर्शन. पण ऑगस्टच्या मध्याला गंमत झाली. बाकी महाराष्ट्राला मोकळीक मिळत असताना सोलापूर जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांवर निर्बंध अधिक कडक झाले, आणि त्या पाचांत माढा होते. बाजार बंद, गर्दीला मनाई. देवळे तर राज्यभर बंदच होती. ती ऑक्टोबरात घटस्थापनेला उघडली. फलाटही केवळ गाडी पाहायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी उरला नव्हता. माझा बेत असा चारही बाजूंनी बुडाला.

सूनबाईंनी वेगळाच बेत काढला. त्यांनी पुठ्ठ्याची सात कार्डे कापली आणि त्यांवर चित्रे काढली. पहिल्यावर चपला, दुसऱ्यावर मास्क, तिसऱ्यावर किल्ल्याची भिंत, चौथ्यावर देवळाचे बंद दार, पाचव्यावर रूळ, सहाव्यावर घर, सातव्यावर पुरी. आमचा एक भाऊबंद रुळांपासून थोड्या अंतरावर शेत करतो. त्याच्या बांधावर बसले की लाइन स्वच्छ दिसते आणि धोकाही नाही. वाढदिवसाच्या आधी दहा दिवस रोज पहाटे, गाव उठायच्या आत, मायलेक तेवढा रस्ता चालून येत. पहिल्या दिवशी नुसते किल्ल्यापर्यंत, मग देवळापर्यंत, मग बांधापर्यंत. मास्क आमच्या हिने आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा शिवला होता. तो पहिल्या दिवशी एक मिनिट, दुसऱ्या दिवशी दोन. किल्ल्याची भिंत आली की मास्तर हात लावून पुढे जात. कार्ड खिशात फिरत असे.

मला पाचवे कार्ड खटकले. "सूनबाई, रूळ काय काढलेत? गाडी काढा की! पोराचा वाढदिवस आहे," मी म्हणालो.

त्या पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "बाबा, गाडी आपल्या हातात आहे का?"

"मालगाड्या चालूच आहेत. एखादी येईलच."

"येईलही. पण जे आपल्या हातात नाही ते मी चित्रात काढणार नाही. रूळ तिथं असणार, एवढं मला नक्की माहीत आहे."

मी गप्प बसलो. पण मला ते फार कंजूषपणाचे वाटले. वाढदिवसाला लेकराला नुसते लोखंड दाखवायचे! म्हणून मी गुपचूप रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका जुन्या मित्राला फोन करून पहाटेच्या गाड्यांचा अंदाज विचारून ठेवला. तो म्हणाला, सातच्या सुमाराला यावी.

वाढदिवसाच्या पहाटे आम्ही चौघे निघालो. रात्री सर पडून गेली होती. काळी माती चपलेला लागून पाय जड होत होते. किल्ल्याची भिंत झाली, हात लावून झाला. देवीच्या बंद दारासमोर मी हात जोडले. मास्तरांनी कडी किती आहेत ते मोजले. वाटेवर एका पोलिसाने हटकले. मी छातीत हवा भरून समजावायला लागणार, तोच मास्तर पुढे होऊन म्हणाले, "यात्रीगण कृपया ध्यान दें." पोलीस चमकला. सूनबाईंनी त्याला कार्डे दाखवली. त्याने सातही सावकाश पाहिली आणि परत देताना एवढेच म्हणाला, "ताई, नऊच्या आत घर गाठा."

बांधावर पोचलो. उडदाचे रान एका अंगाला, ऊस दुसऱ्या अंगाला, आणि पुढे ओल्या उजेडात चकाकणारे रूळ. १८६० साली ही लाइन इकडून मोहोळकडे गेली, तेव्हा आमच्या पणजोबांच्या वडिलांनी ती येथूनच पाहिली असणार. मास्तरांनी मास्क खाली ओढला, आजूबाजूला चिटपाखरू नव्हते म्हणून कोणी काही बोलले नाही, आणि ते बांधावरचे खडे दोन ओळींत मांडू लागले. मधले अंतर बोटांनी मोजीत. अधूनमधून मान वर करून खऱ्या रुळांकडे पाहत आणि हसत. असे हसताना मी त्याला वर्षभरात पाहिले नव्हते.

सात वाजले. साडेसात वाजले. मी घड्याळ पाहत होतो, सिग्नल पाहत होतो, मित्राला मनातल्या मनात शिव्या देत होतो. गाडीची वाट पाहणारा त्या बांधावर मी एकटाच होतो.

आठला सूनबाईंनी सहावे कार्ड दाखवले. मास्तर खडे तसेच ठेवून उठले आणि घराकडे चालू लागले. आम्ही पन्नास-साठ पावले गेलो असू, आणि मागून भोंगा झाला. मालगाडी! मी ओरडलो, "मास्तर, गाडी! गाडी!" आणि सत्तरी उलटलेला मी त्या चिखलातून बांधाकडे पळालो. वळून पाहतो तो मास्तर चाललेलेच. त्यांनी चालता चालताच डबे मोजले, मान न वळवता, आवाजावरून. "बेचाळीस," घरी पोचल्यावर ते म्हणाले. मी डोळ्यांनी मोजले होते. माझे एकेचाळीस आले होते. तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

दुपारी हिने त्याला ओवाळले. निरांजनाची ज्योत जवळ आलेली त्याला खपत नाही, कुंकवाचा ओला स्पर्शही नको असतो. म्हणून तो पाटावर आणि ही उंबऱ्यापाशी असे ते औक्षण झाले. त्या वर्षी सगळ्या देशालाच लांबून भेटायची सवय लागली होती, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मग मास्तरांनी सात पुऱ्या खाल्ल्या, कोरड्या, भाजीचा हात न लागलेल्या.

रात्री सूनबाई कार्डे आवरून डब्यात ठेवीत होत्या. मास्तर अंथरुणावरून उठून त्यांच्याजवळ आले आणि डब्याकडे बोट करून म्हणाले, "उद्या?"

घरात कोणी हलले नाही. हिच्या हातातले भांडे हातातच राहिले. मी बोलायला तोंड उघडले होते. चिरंजीवांनी माझा हात धरला.

सूनबाईंनी डब्यातून एक कोरे कार्ड काढले, पेन्सिल घेतली आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "बाबा, उद्या सकाळी पाऊस असेल का हो?"

मी अंगणात जाऊन आभाळ पाहून आलो.