गरम बॉनेट

२०१४ च्या जूनमध्ये सासू-सासरे पहिल्यांदाच मिल्टन कीन्सला आमच्याकडे राहायला आले, आणि चौथ्याच दिवशी आमची छोटी गाडी कमी पडायला लागली. सासूबाईंचे गुडघे दुखरे. गाडीत त्या कशाबशा बसायच्या, पण उतरायची वेळ आली की एका हाताला नवरा, दुसऱ्या हाताला मी, आणि मागून चिरंजीवांचं "आजी, वन टू थ्री!" एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "ही गाडी आहे का आड?"

उंच सीटची गाडी घ्यायचं त्याच संध्याकाळी ठरलं. त्या दिवसांत इथे उंच गाडी म्हणजे डिझेल एसयूव्ही, यात कुणाला शंकाच नव्हती. २००१ पासून रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने लागायचा, त्यात डिझेल स्वस्त पडायचं आणि गॅलनला मैलही जास्त मिळायचे. मंडळाच्या पिकनिकला पार्किंगमध्ये बघावं तर निम्म्या गाड्या तशाच. त्यांत एक आपलीही असावी, असंही वाटत होतं, कशाला खोटं बोला!

माझे सासरे, अण्णा, कोल्हापूरला एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. डिझेल इंजिनात त्यांचा जन्म गेला. डीलरकडे आम्ही त्यांना घेऊन गेलो ते खरं तर फिरवून आणायचं म्हणून. सेल्समन आम्हाला लेदरच्या सीटा आणि काचेचं छत दाखवत होता. अण्णा जूनमध्येही कानटोपी घालून गाडीभोवती हिंडत होते. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, इंजिन गरम आहे की. आपण यायच्या आधी चालवून ठेवलंय."

"मग काय झालं, अण्णा?"

"पाहुणे येणार कळल्यावर घर आवरतात, तसं झालंय. डिझेल थंड असताना कसं सुरू होतं, तेच तर बघायचं असतं."

मी त्यांना हळू बोलायची खूण केली. समोरच्याला मराठीतलं अवाक्षर कळत नव्हतं, तरीही. आज ती खूण आठवली की लाज वाटते.

सेल्समनचं हुकमी पान वेगळंच होतं. एकाच मालकिणीची गाडी, वयस्कर बाई, जपून वापरलेली, वर्षाला जेमतेम तीन हजार मैल. आम्ही खूश! दुकानात जाऊन यायची गाडी म्हणजे नवीच की. डिझेलच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट धोक्याची असते, हे आम्हाला सात महिन्यांनी कळलं.

त्याचं असं आहे. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती भरत आली की इंजिन थोडं जादा डिझेल सोडून गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, चांगल्या वेगात पळावी लागते. त्या बाईंची गाडी दुकानापर्यंत जायची आणि परत यायची. पुढे ती माझ्या हाती आली. माझं हॉस्पिटल घरापासून तीन मैलांवर, आणि मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट तर तुम्हाला माहीतच आहेत. गाडी तापायला लागायची आणि मी पार्किंगमध्ये पोचायचे. गाळणी जाळायचं काम दर वेळी अर्धवट राहायचं.

जानेवारीत पिवळा दिवा लागला. मी दुर्लक्ष केलं. पुढच्याच आठवड्यात एम-वनवर गाडीने अंग टाकलं, चाळीसच्या वर जाईचना. बाजूने लॉऱ्या भोंगे वाजवत जात होत्या आणि मागे मुलगा बसला होता. त्या रात्री कोल्हापूरला फोन केला. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "तेल किती दाखवतंय?"

मी टॉर्च घेऊन डिपस्टिक काढली. वरच्या खुणेच्याही वर. मी आनंदाने सांगितलं, "भरपूर आहे, अण्णा!"

पलीकडे क्षणभर शांतता. "तेल कधी आपोआप वाढतं का, सूनबाई? डिझेल उतरलंय त्यात."

तसंच होतं. जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळत होतं. तेल पातळ झालं की पहिला बळी टर्बोचा, कारण त्याची बेअरिंगं तेलावरच तरंगत असतात. गाळणी, टर्बो, धूर परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह, तोही काजळीने बुजलेला, असं सगळं मिळून एकतीसशे पौंड झाले. दिवाळीला तिघांनी कोल्हापूरला जायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. "पुढच्या वर्षी नक्की येतो," असं आम्ही फोनवर सांगितलं. २०१६ च्या फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. कुणी म्हणेल, गाडीचा त्याच्याशी काय संबंध? नसेलही.

ती गाडी नंतर जेमतेम किमतीला विकली, आणि डिझेलचं नाव काढायचं नाही असं मी जाहीर केलं. पण २०२२ मध्ये नवऱ्याची नोकरी बर्मिंगहॅमला गेली. रोज जाऊन-येऊन तीन तास, बहुतेक सगळे मोटरवेवर. अशा वापराला डिझेल शोभतं, हे मलाही मान्य करावं लागलं. या वेळी शोधाशोध मी हातात घेतली.

इथे एक सोय फार चांगली आहे. नंबरप्लेट टाकली की सरकारी वेबसाइटवर त्या गाडीच्या आजवरच्या एमओटीची जंत्री फुकट दिसते. पास-नापास तर दिसतंच, पण दर वर्षीचे मैलही दिसतात. मी आधी मैल वाचते. वर्षाला बारा-पंधरा हजार असले तर बरं वाटतं, दोन-तीन हजार असले तर पान बंद. शिवाय युरो-सिक्स इंजिन हवं, नाहीतर लंडनमध्ये शिरलं की रोजचे साडेबारा पौंड. गणपतीच्या दर्शनाला एवढी दक्षिणा आधी महापौरांना कशाला?

पहिल्या गाडीच्या मालकाला बजावलं होतं, "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका." सकाळी आठला पोचलो. बॉनेटवर हात ठेवला, गार. एक्झॉस्टच्या नळीत बोट फिरवलं. गाळणी शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. दाट काजळी आली तर गाळणी फुटलेली किंवा कुणी काढूनच टाकलेली, आणि तशी काढलेली आढळली तर गाडी २०१४ पासून एमओटीत नापास होते. बोट स्वच्छ निघालं. मग व्हिडिओ कॉलवर अण्णा आले, वय ऐंशी, कानात मशीन. "फोन इंजिनाजवळ धर. हं. आता याला क्लच दाबायला सांग. सोड म्हणावं. परत दाब."

क्लच सोडला की खडखड, दाबला की बंद.

"नको घेऊ ही," अण्णा म्हणाले. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने नंतर तेच सांगितलं. ड्युअल-मास फ्लायव्हील गेलेलं, म्हणजे क्लचसकट हजार-बाराशेचा खड्डा.

दुसऱ्या गाडीचे चारही टायर चार कंपन्यांचे होते. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये टायर कमी-जास्त झिजलेले असले की मधल्या गिअरांवर ताण येतो. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवली, तर अडखळत, धक्के देत फिरली. खाली वाकून पाहिलं तर रस्त्यावरच्या मिठाने मागची चौकट पापुद्र्यांनी सोललेली. मालक बिचारा सज्जन होता, त्याने चहा दिला. चहा घेऊन आम्ही निघालो.

तिसरी घेतली. दिसायला अगदी साधी, कापडी सीटा, छताला काच नाही, पण तेल बदलल्याच्या आणि टायमिंग बेल्टच्या पावत्या फाइलमध्ये तारखांनिशी लावलेल्या. आधीचा मालक रोज लांब जाणारा फिरता विक्रेता होता. मैल लाखाच्या जवळ. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, एवढी चाललेली?" मी म्हटलं, "चाललेली आहे म्हणूनच."

नवरा ती घेऊन रोज बर्मिंगहॅमला जातो. माझ्या तीन मैलांना छोटी पेट्रोल गाडी आहे, तिच्यात उतरताना आता माझेच गुडघे बोलतात. दर रविवारी अण्णांचा फोन येतो. नातवाची चौकशी झाली की विचारतात, "तेल बघितलंस?" मग मी ड्रेसिंग गाउनवरच बाहेर जाते आणि डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून फोनसमोर धरते. गेल्या रविवारी दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं.