चाकणमार्गे जपानच्या शाळेत

मुलांनो, नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल असं करत तुम्ही कधी चाकणला गेला आहात? फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेशी झुंज दिली, तेच हे चाकण. आता तिथं जिकडे पाहावं तिकडे कारखाने. या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांत, मग मालक कुठल्याही देशाचा असो, भिंतीवर एक पाटी लावलेली दिसते. तिच्यावर पाच शब्द असतात: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. घरातलं कुणी तिथं कामाला असेल तर विचारून बघा. लगेच उत्तर येईल, ‘अरे, हे तर आमचं फाइव्ह एस!’

शब्द जपानी आहेत. आकुर्डीच्या बजाज कंपनीनं १९८०च्या दशकात कावासाकी या जपानी कंपनीच्या मदतीनं मोटारसायकली बाजारात आणल्या. चाकणला ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना २०१३ साली सुरू झाला. तेव्हा जपानी पद्धती आपल्याकडे अनोळखी नाहीत. नको ते काढून टाका, हवं ते जागच्या जागी ठेवा, झाडा-पुसा, ही स्वच्छता टिकवा, असे पहिल्या चार शब्दांचे अर्थ. पाचवा शित्सुके म्हणजे वळण. गंमत अशी, की हा शब्द मूळचा कारखान्यातला नाहीच! आईवडील मुलांना जे वळण लावतात, त्याला जपानीत शित्सुके म्हणतात.

मग चला, तुमच्याच वयाच्या जपानी मुलांबरोबर एक दिवस काढू या. तिथं सहावीपर्यंतची प्राथमिक शाळा संपली की तीन वर्षांची ‘चुगाक्को’ सुरू होते, म्हणजे आपली सातवी, आठवी, नववी. दुसऱ्या महायुद्धात देश बेचिराख झाल्यावर १९४७ साली तिथं नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं झालं. तेव्हा कित्येक गावांत वर्गखोल्याच उरल्या नव्हत्या. मुलं उघड्या आभाळाखाली बसून शिकली.

सकाळी साडेआठच्या आत शाळेत पोचायचं. दारातच प्रत्येकाचा बुटांचा कप्पा. बाहेरचे बूट तिथं काढायचे आणि आत वापरायचे वेगळे बूट घालायचे, म्हणजे रस्त्यावरची धूळ वर्गात येत नाही. रोज एका-दोघांवर दिवसाची जबाबदारी असते. ‘उठा, वाका, बसा’ अशी हाक तेच देतात आणि वर्गाची रोजनिशीही तेच लिहितात. तास पन्नास मिनिटांचा. मधल्या सुट्टीत बऱ्याच शाळांत जेवण शाळेचंच असतं. पाळीवर असलेली मुलं पांढरे डगले आणि टोप्या घालून पातेली वर्गात आणतात आणि सगळ्यांना वाढतात. गुरुजीही तेच जेवण मुलांबरोबर बसून जेवतात. काही शाळांत मात्र आपल्यासारखा घरचा डबा.

आणि मग सफाई. बाकं एका बाजूला सरकवली जातात, कुणी झाडू घेतं, कुणी ओलं फडकं घेऊन फरशीवर ओणवं होतं. वर्ग, जिने, व्हरांडा आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृहसुद्धा! पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण जवळजवळ रोजचं. शाळेत दुरुस्ती करणारा माणूस असतो. मुलांनी केलेला रोजचा कचरा मात्र मुलांनीच काढायचा.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? आम्हीही वर्ग झाडतो! झाडता ना? पण जरा आठवून सांगा, झाडू कुणाच्या हातात असतो? कित्येक शाळांत झाडायला मुली आणि घंटा वाजवायला मुलगे अशी वाटणी कुणी न सांगताच होते. स्वच्छतागृहाचं काम तर आपल्या देशात शेकडो वर्षं ठरावीक जातींच्याच माथी मारलं गेलं. म्हणूनच गाडगेबाबा कीर्तनाआधी स्वतः झाडू घेऊन गाव झाडत. जपानी वर्गात पाळी ठरते ती गटानुसार. डॉक्टरची मुलगी आणि मासेविक्याचा मुलगा एकाच बादलीत फडकं पिळतात. मला विचाराल तर पाहण्यासारखं आहे ते हेच. चकचकीत फरशी काय, पैसे मोजले तरी मिळते.

यात एक मेख आहे, ती कारखान्यातल्या माणसांना पक्की ठाऊक असते. यंत्र चालवणाऱ्यानंच ते पुसायचं, असा तिथं नियम का? तर पुसताना हात सगळीकडे फिरतो आणि ढिला झालेला बोल्ट, गळणारं तेल आधी त्यालाच कळतं. वर्गाचंही तसंच. टोक काढलेल्या पेन्सिलीचा भुसा खाली टाकताना, उद्या तो आपल्यालाच भरायचा आहे, हे डोक्यात असतं.

तिथलं सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. केस किती लांब असावेत, मोजे कुठल्या रंगाचे, इथपर्यंत काही शाळांचे नियम. सफाई आणि तास आटोपले की क्लब: बेसबॉल, ज्यूदो, वाद्यवृंद. त्यातच संध्याकाळचे सहा वाजतात, आणि पुष्कळ क्लबांचा सराव सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही. तिसऱ्या वर्षी पुढच्या शाळेची प्रवेशपरीक्षा, म्हणून अनेक जण क्लबनंतर ‘जुकू’त जातात. जुकू म्हणजे आपला क्लासच! तिथून रात्री सायकलवरून घरी निघालेला मुलगा आणि क्लास सुटल्यावर निगडीच्या बस थांब्यावर पेंगत उभी असलेली तुमची ताई, दोघांच्या पाठीवरची दप्तरं सारखीच जड असतात.