कोगनोळीच्या अलीकडून

निपाणी,
९ मार्च २०२५

चि. बाळ,

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू नुसतं 'हो हो' करतोस, म्हणून कागद घेतला. 'काळजी करू नकोस, सगळा महाराष्ट्र सीमाभागाच्या पाठीशी आहे,' असं तू लिहिलंस. तुझ्याबद्दल शंका नाही रे. सगळ्या महाराष्ट्राबद्दल आहे, आणि ती आजची नाही.

गेल्या महिन्यातलंच घे. बेळगावजवळ बाळेकुंद्रीच्या बसमध्ये मराठी येत नाही म्हणणाऱ्या कंडक्टरला मारहाण झाल्याची बातमी आली. वाईटच झालं. हातावर पोट असलेल्या माणसाला बडवून मराठीचं काय भलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. मग तिकडे चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळं फासलं. त्यावर महाराष्ट्र सरकारने बाणेदारपणा दाखवला आणि कर्नाटकात येणाऱ्या एसट्या बंद केल्या. मुंबईत टाळ्या पडल्या असतील. आमचं सगळं आयुष्य कोल्हापूरला बांधलेलं. तिथल्या सीपीआर दवाखान्यात तपासायला जाणारा म्हातारा, कॉलेजची पोरं, बस्ता बांधायला निघालेली बायकामाणसं, सगळी खोळंबली. वडापवाल्यांची मात्र दिवाळी. बेंगळुरूचं काय अडलं? रुसवा त्यांच्याशी आणि उपास आम्हाला!

महाराष्ट्राच्या बाणेदारपणाची झळ आम्हाला पहिल्यांदा बसली ती १९६७ साली. मी तेव्हा सातवीत होते, तुझ्या आईलाही आठवत असेल. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने महाजन आयोग नेमला होता. मेहरचंद महाजन म्हणजे देशाचे माजी सरन्यायाधीश. त्यांचा अहवाल जाहीर झाला तेव्हा आपल्या वखारीत बाबांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. निपाणी महाराष्ट्रात, खानापूर महाराष्ट्रात, नंदगड महाराष्ट्रात. एकूण २६४ गावं सुटणार होती. बेळगाव शहर मात्र म्हैसूर राज्यातच राहणार, आणि वर महाराष्ट्राकडची २४७ गावं तिकडे द्यायची. कुणीतरी उत्साहाच्या भरात पेढे आणले होते. ते वाटायचे की नाही, यावर तंबाखूच्या त्या खाटात दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी बाबांनी पुडा परत पाठवला. 'बेळगाव मागं ठेवून आपण कुठं जायचं?' एवढंच म्हणाले.

महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि आम्ही मान डोलावली. खेडं हा घटक धरा, सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा, लोकांची इच्छा बघा, ही महाराष्ट्राची मागणी मला आजही न्यायाची वाटते. पण जो हातातलं नाकारतो, त्याने पुढचं काहीतरी ठरवलेलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला मार्च २००४ मध्ये. मध्ये जवळजवळ ३७ वर्षं गेली. या महिन्यात दाव्यालाही २१ वर्षं होतील. तेवढ्या अवधीत कर्नाटकाने बेळगावात विधिमंडळाची अधिवेशनं सुरू केली, २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सुवर्णसौध उघडलं, २०१४ साली शहराचं नाव बदललं. त्यांचा हट्ट पटो न पटो, त्यांची माणसं कामाला लागलेली दिसतात. (महाजन अहवाल अंतिम आहे असं ते आजही सांगतात. मग निपाणी देऊन टाका की, असं एकदा कुणीतरी त्यांना म्हणायला हवं.)

इकडच्यांचं काय सांगू! १९८६ साली छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते. कितीतरी दिवस घराघरांत तीच चर्चा होती. २०१९ साली तेच भुजबळ आणि एकनाथ शिंदे सीमाप्रश्नाचे समन्वयक मंत्री झाले. अडीच वर्षांत शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा मलासुद्धा वाटलं, आता काहीतरी हलेल. डिसेंबर २०२२ मध्ये नवे समन्वयक मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई बेळगावला येणार असं जाहीर झालं. तारीख पुढे गेली, मग दौराच रद्द. २७ डिसेंबरला नागपुरात ८६५ गावांवर हक्क सांगणारा ठराव मात्र एकमताने झाला. ठरावाला सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडावा लागत नाही.

आणि मग २०२३ची निवडणूक. महाराष्ट्रातले नेते आले, नाही असं नाही, पण बहुतेक जण आपापल्या पक्षासाठी. इथे प्रचार मराठीतच होतो, पक्ष कुठलाही असो, त्यामुळे त्यांना दुभाष्याचीही गरज नव्हती. निपाणीत झुंज लागली ती भाजप आणि राष्ट्रवादीत. भाजप जिंकला, आणि दोन महिन्यांत त्या राष्ट्रवादीचेच दोन तुकडे झाले. महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ साली दोन आमदार होते, २०१८ला एकही नाही, २०२३लाही नाही. समितीतली भांडणं आमचीच, ती मी महाराष्ट्राच्या माथी मारत नाही. पण लोक संपले म्हणावं तर २०२१च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली. मतं आहेत, ती कुणाच्या भरवशावर टाकायची हे कळेनासं झालंय.

परवा टीव्हीवर युक्रेनच्या अध्यक्षांना अमेरिकेत सगळ्या जगासमोर झापताना दाखवत होते. शेजारच्या काकू हळहळल्या. मला मेलं वेगळंच वाटलं. त्या माणसाला निदान तोंडावर सांगितलं. तो घरी जाऊन दुसरी वाट शोधेल. आम्हाला कुणी 'जमणार नाही' असं म्हणतच नाही. दर १ नोव्हेंबरला, काळ्या दिनी, आणि दर १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, तेच, एक इंचही मागे हटणार नाही! तोंडावर नकार मिळाला असता तर आमच्या पोरांनी कधीच कन्नड पक्कं करून सरकारी नोकऱ्या धरल्या असत्या. काहींनी धरल्याच. त्यांना मी नावं ठेवत नाही.

सीमालढ्यातले एन. डी. पाटील सर होते तोवर निदान दाव्याचं कुणीतरी विचारायचं. ते गेले तेही २०२२च्या १७ जानेवारीला, हुतात्मा दिनीच. आता तारीख कधी लागते आणि कशी पुढे जाते, हे विचारायचं कुणाला?

तरी एक गोष्ट महाराष्ट्राने केली आणि ती चालते, म्हणून लिहिते. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशात सीमाभागासाठी राखून ठेवलेल्या जागा. त्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. शाळेत होते तेव्हा असे दाखले मी स्वतः लिहिलेत, आणि ती मुलं आज सांगली-पुण्यात डॉक्टर आहेत. त्यासाठी ना मोर्चा लागला, ना बस बंद पडली. असं आणखी चार ठिकाणी केलं असतं तर तुझ्या मेसेजला मी इतकं लांब उत्तर लिहिलं नसतं.

मागच्या गल्लीतल्या मुलीची पीयूसीची परीक्षा सुरू आहे, हुशार आहे, सीईटीचा फॉर्मही भरलाय. सीमाभागाच्या जागांची या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की लगेच पाठव. कुठला दाखला कोणत्या नमुन्यात हवा, हे तिथल्या कुणाला तरी नीट विचारून कळव. गेल्या वेळी एका मुलाचा नमुना चुकला आणि पहिली फेरी हुकली. आईला म्हणावं, लोणच्याची बरणी यंदा एसटीने पाठवत नाही, कुणी येणारं मिळालं की देते.

तुझी,
मावशी