मूस

माझ्या टेबलावर पेन-पेन्सिली ठेवायला एक काळं भांडं आहे. चहाच्या पेल्याएवढं, जाड बुडाचं. कुणी कौतुकानं उचललं की लगेच खाली ठेवतं, कारण बोटांना काळं लागतं. सोनं वितळवायची ग्राफाइटची मूस आहे ती. मी चौथीत स्कॉलरशिपला बसले तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्रिसूरहून आणली. खरं तर जुनी मूस कुणी असं देऊन टाकत नाही. ती कुटून तिच्यात अडकलेलं सोनं काढतात. "गुंजभर असंल हिच्यात अजून," असं दादा म्हणाले, आणि मी पुढचे आठ दिवस कंपासच्या टोकानं ती खरवडत बसले. स्कॉलरशिप मिळाली नाही. सोनंही नाही.

आमचं गाव विट्याहून मायणीकडे जाताना लागतं, सांगली जिल्हा संपता संपता. आजोळ पलीकडे, सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. १९४९ पर्यंत हे सगळं साताराच होतं. मग आमच्या बाजूला दक्षिण सातारा म्हणू लागले आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. पावसानं मात्र ही वाटणी कधी मानली नाही. तो दोन्हीकडं सारखाच चुकला. म्हणून खानापूर, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातले लोक गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला गेले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात जा, ॲसिडचा वास आला की मराठी बोललं तरी चालतं. गावात बंगले त्यांचेच, आणि बंगल्यांना कुलपंही त्यांचीच. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं तोवर बारी धरायला घरात म्हातारी माणसंच उरली होती.

दादा १९७९ मध्ये गलाईला गेले, चौदाव्या वर्षी, चुलत्याबरोबर. सातवीचा निकालही त्यांनी पाहिला नाही. दिवाळीला आणि जत्रेला यायचे तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं पिवळी असायची. ते नायट्रिक ॲसिडचे डाग, कितीही घासले तरी न जाणारे. लहानपणी मला ती हळदच वाटायची, आमच्या जिल्ह्यात हळदीला काय तोटा!

एकदा सुट्टीत मी त्रिसूरला गेले होते. मोडीचं सोनं शुद्ध करताना दादांनी एका भागाला तीन भाग चांदी घातली, वर टाकणखार टाकला आणि मूस भट्टीत सारली. मला कळेना, शुद्ध करायचं तर आधी एवढी भेसळ कशाला? दादा म्हणाले, "त्याबिगर ॲसिड आत शिरत न्हाई." वितळलेला रस त्यांनी पाण्यात ओतला, त्याचे दाणे झाले. ते ॲसिडात टाकल्यावर तांबूस धूर निघाला आणि चांदी विरघळून गेली. तळाशी राहिली ती मातकट भुकटी. तेच शुद्ध सोनं. चमकायला त्याला पुन्हा मुशीत जावं लागलं.

मूस माझ्याबरोबर सांगलीला वालचंद कॉलेजच्या होस्टेलवर आली, तिथून हिंजवडीला. दहा वर्षं मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात गेले, वाटेत सांडले नाहीत एवढं बघायचं. तसं पाहिलं तर कामही गलाईच्या गल्लीतलंच. गेल्या दिवाळीच्या तोंडावर म्युनिकच्या एका कंपनीची ऑफर आली. मुलाखतीच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या, त्यातली एक दळणाच्या रांगेत मोबाइलवर. अमेरिकेचा नाद मी आधीच सोडला होता. वर्षाला ८५,००० व्हिसांची सोडत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. त्यामानानं जर्मनीचं ब्लू कार्ड सरळ होतं: पदवी, ठरावीक पगाराच्या वरचा करार, आणि जर्मन जेमतेम आलं तरी २७ महिन्यांत कायम राहण्याचा अर्ज.

मी एक्सेल उघडलं. युरोला रुपयांनी गुणण्याचा गाढवपणा पहिल्या रात्री केला, दुसऱ्या रात्री पुसला. कर आणि विमा जाऊन एकट्या माणसाच्या हातात साठ-पासष्ट टक्के पगार पडतो. घरभाडं दोन प्रकारचं, थंड आणि गरम; गरम म्हणजे हीटरसकट. डाव्या रकान्यात पगार, हवा, रस्ते. उजव्यात आई-दादा, पुण्यातला फ्लॅट, दादांचा दम. चाळीस वर्षांच्या त्या धुरानं तो लागतोच. मधला रकाना महिनाभर कोराच राहिला. दादांना जाताना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं आणि उत्तर द्यायला तारीखही होती. त्यांच्यापेक्षा मी सुखी, हे मला मान्य आहे. पण त्या महिन्यात मला त्यांचा हेवाही वाटला.

दिवाळीला घरी सांगितलं. दादा २०२० पासून गावीच आहेत. त्यांनी पगार विचारला नाही. "तिथं जत्रंला सुट्टी देत्यात का?" एवढंच विचारलं. करारात वर्षाला तीस दिवस रजा होती, ते सांगितलं. दादा हसले. "तीस? मला बारा मिळायचे. ते बी भट्टी बंद ठिवून."

आई करंज्या तळत होती. चाळीस वर्षांत ती त्रिसूरला दोनदाच गेली. शेत, म्हैस, सासू, आम्ही दोघी बहिणी, सगळं तिच्याकडं. तेव्हाच्या हिशेबात तिचा रकाना कुणी मांडलाच नव्हता. झाऱ्यातलं तेल निथळू देत, वर न बघता तिनं विचारलं, "जावयास्नी संगं जाता येतं का? का मागनं?"

"संगंच. भाषेची परीक्षाही नाही, आणि त्याला तिथं नोकरी करता येते."

"लगेच?"

"लगेच."

तिनं करंज्या परातीत ओतल्या. पुढचा घाणा सोडून मग म्हणाली, "मग जा की. इचारत काय बसलीयस."

उत्तराला अजून चार दिवस होते. त्याच रात्री पाठवलं.

व्हिसा झाला, दोन्ही बॅगा भरल्या. दादांच्या जुन्या ताणकाट्याला लावल्या तर एक तेवीस किलो सहाशे ग्रॅम भरली. दादा म्हणाले, "मूस काढ, दगड तो." मी भडंगाची दोन पाकिटं काढली. आईनं मूस उचलली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, कपड्यांना काळं लागू नये म्हणून वरनं प्लास्टिकची पिशवी बांधली आणि परत बॅगेत ठेवली. मग पदराला हात पुसला. पदरावर तिच्या चारही बोटांचे काळे डाग उठले.