लाल टोपी, नारिंगी टोपी

ह्यांना इन्सुलिन मी टोचते. बारा वर्षं झाली. सकाळी 24 युनिट, रात्री 16, जेवणाआधी अर्धा तास. बँकेतून निवृत्त झाल्यावर दूध, भाजी, विजेचं बिल सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं. सुई मात्र माझ्याकडेच राहिली, कारण त्यांना बारीक रेघा दिसत नाहीत आणि माझ्या हाताला ती सिरिंज पाठ झाली आहे.

2023च्या मे महिन्यात आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला निघालो, तेव्हा मला सगळ्यात जास्त घोर या औषधाचाच होता. मुक्काम तीन महिन्यांचा. रोजचे 40 युनिट, म्हणजे 400 युनिटची एक बाटली दहा दिवस. हिशेबाने नऊ लागणार होत्या, मी दहा घेतल्या. सोबत लाल टोपीच्या सिरिंजचे डबे, तेही मोजून. नागपुरात प्रतापनगरातला आमचा नेहमीचा मेडिकलवाला म्हणाला, "काकू, काहून इतकं टेन्शन घेऊन राहिल्या? अमेरिकेत काय औषध नाही भेटत का?" वीस वर्षांची ओळख. चिठ्ठी न बघता तो ह्यांच्या गोळ्या काढून ठेवतो, सुट्टे नसले तर पैसे उद्या द्या म्हणतो. सगळीकडे असंच असणार, असं नकळत आपल्या मनात बसलेलं असतं.

नागपूरहून दोहा, तिथून न्यूयॉर्क. बाटल्या मी थंड पिशवीत घालून हातातल्या बॅगेत ठेवल्या. मोठ्या बॅगेत टाकल्या तर विमानाच्या पोटातल्या गारठ्याने इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा पातळ दिसलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. विमानात मी ते पाळलं. घात झाला तो लेकीच्या स्वयंपाकघरात.

तिचा फ्रीज आपल्या कपाटाएवढा. मी बाटल्या सगळ्यात मागे, कोणाचा धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात लावल्या. नेमका तिथेच गार हवेचा झोत येत होता. सहाव्या आठवड्यात, एका शनिवारी दुपारी, पुढची बाटली काढायला गेले तर ती हाताला दगडासारखी लागली. उरलेल्या सहाही बाटल्या गोठलेल्या. बाहेर काढून ठेवल्यावर त्या वितळल्या, पण तळाशी पांढरे कण बसलेले आणि कितीही हलक्या हाताने फिरवल्या तरी ते विरघळेनात. चालू बाटलीत दोन दिवसांचं औषध होतं.

लेक म्हणाली, "आई, घाबरू नकोस, दुकान पाच मिनिटांवर आहे." आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि शांतपणे परत दिली. भारतातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर इथे औषध देता येत नाही, इथल्या डॉक्टरला दाखवा. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याचे हात कायद्याने बांधलेले होते. पण आणखी एक अडचण होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'ह्यूमन मिक्सटार्ड 30/70'. मिक्सटार्ड हे नाव त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं.

प्रवासी विम्याच्या नंबरवर फोन केला. उत्तर आलं, मधुमेह आधीपासूनचा आजार आहे, त्याचा खर्च पॉलिसीत बसत नाही. पॉलिसी घेताना ते कलम आम्ही वाचलं नव्हतं. नागपुरात तेव्हा रविवारची पहाट होत होती. डॉक्टरांना मी मेसेज टाकून ठेवला आणि गाडीत बसून राहिले. ह्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते मात्र मलाच धीर देत होते.

मार्ग दाखवला तो लेकीच्या ओळखीच्या एका मराठी नर्सबाईंनी. त्यांनी फोनवर दोन मिनिटांत उलगडून सांगितलं. नव्या पद्धतीच्या इन्सुलिनला अमेरिकेत चिठ्ठी लागते, पण जुन्या, साध्या मानवी इन्सुलिनला बहुतेक राज्यांत लागत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं. वॉलमार्टमध्ये साधारण 25 डॉलरला बाटली मिळते. नाव 'नोव्होलिन 70/30'. मी म्हटलं, अहो पण ह्यांचं तर 30/70 आहे! त्या म्हणाल्या, काकू, तेच आहे. झटपट काम करणारं 30 टक्के आणि सावकाश करणारं 70 टक्के. आपल्याकडे झटपटचा आकडा आधी लिहितात, इथे सावकाशचा. कंपनीही एकच, नोव्हो नॉर्डिस्क.

वॉलमार्टच्या काउंटरवर साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी बाटली काढली आणि विचारलं, सिरिंज हव्यात का? मी लेकीला म्हटलं, नको सांग, आपल्याकडे डबे भरून आहेत, उगाच डॉलर कशाला घालवायचे. लेकीने तसं सांगितलं. बाईंनी बाटली पिशवीत टाकली नाही. हातात धरून ठेवली आणि विचारलं, तुमच्या सिरिंजची टोपी कोणत्या रंगाची?

लाल, मी म्हणाले.

त्यांनी बाटली काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, लाल टोपीची सिरिंज आमच्याकडे कुत्र्यामांजरांच्या इन्सुलिनसाठी विकतात. या बाटलीला ती चालणार नाही. मग एक कागद घेऊन त्यांनी मला समजावलं.

बाटली दोन्हीकडे 10 मिलीलिटरचीच असते. पण आपल्याकडच्या बाटलीत एका मिलीलिटरला 40 युनिट, तिथल्या बाटलीत 100. लाल टोपीच्या सिरिंजवरच्या रेघा 40च्या हिशेबाने आखलेल्या असतात. त्यावर 24च्या रेघेपर्यंत औषध ओढलं की सिरिंजमध्ये 0.6 मिलीलिटर येतं. नागपूरच्या बाटलीतून ते 24 युनिट. अमेरिकेच्या बाटलीतून 60.

मी शाळेत गणित शिकवायचे. तो कागद मी हातात घेतला आणि दोनदा गुणाकार केला. अडीच पट. ह्यांची साखर 70च्या खाली गेली की कपाळ घामाने भिजतं, हात थरथरतात, शब्द अडखळतात. दिवसाच्या एका वेळी 24च्या जागी 60 युनिट अंगात गेले असते तर काय झालं असतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि ते माझ्याच हाताने गेले असते, नेहमीच्या सिरिंजने, नेहमीच्या रेघेपर्यंत.

नारिंगी टोपीच्या सिरिंज घेतल्या. रात्री आठच्या सुमारास डॉक्टरांचा आवाजी निरोप आला. ते म्हणाले, "युनिट धरून चला, सिरिंजमध्ये औषध किती वर येतं तिकडे बघू नका. 24 म्हणजे 24, फक्त सिरिंज त्या बाटलीचीच पाहिजे. पहिले तीन दिवस साखर जास्त वेळा तपासा." नव्या सिरिंजमध्ये 24 युनिट इतके थोडे दिसत होते की पहिल्या सकाळी माझा हात अडला. वाटलं, एवढंसं पुरेल का? पुरलं. साखर नेहमीसारखीच आली. एक बाटली 1000 युनिटची असल्यामुळे पंचवीस दिवस चालली.

त्या तीन महिन्यांत आणखीही पुष्कळ कळलं. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. इंग्लंड-कॅनडात तर साखर मोजायचं मापच वेगळं, तिथला आकडा 18ने गुणला की आपला येतो. तिथल्या यंत्रावर 7 दिसलं तर घाबरून साखर खाऊ घालायची नाही, ते आपले 126. परत आल्यावर शेजारच्या वहिनी मुलाकडे दुबईला निघाल्या होत्या. त्यांच्या पिशवीत कोडीन असलेलं खोकल्याचं औषध होतं. ते मी बाहेर काढायला लावलं. तिथे कोडीन नियंत्रित औषधांत मोडतं, परवानगीशिवाय नेलं तर विमानतळावरच अडकायची वेळ येते. आता ओळखीतलं कोणी परदेशी निघालं की मी सांगते: डॉक्टरांकडून ब्रँडच्या नावाऐवजी औषधातल्या घटकाचं नाव टाइप करून घ्या, मात्रा युनिटमध्ये किंवा मिलिग्रॅममध्ये, खाली सही-शिक्का. औषध मूळ वेष्टनातच ठेवा.

पण माझा जीव खरा अडकला आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. नागपूरला परतल्यावर मी आमच्या मेडिकलवाल्याला सगळं सांगितलं. त्याने न बोलता फ्रीज उघडून दाखवला. 40ची बाटली आणि 100ची बाटली एकाच कप्प्यात, शेजारी शेजारी. आपल्याकडेही आता दोन्ही मिळतात. पेनमधलं इन्सुलिन तर बहुतेक 100चं असतं. डॉक्टर औषध बदलतात, घरात मात्र जुन्या सिरिंज उरलेल्या असतात, आणि वाया जाऊ नयेत म्हणून आपण त्याच वापरतो. अमेरिकेत मला एका अनोळखी बाईने टोपीचा रंग विचारला. इथे तो मला बारा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर आज फ्रीज उघडून बाटलीवरचा आकडा वाचा. 40 असेल तर सिरिंजची टोपी लाल हवी, 100 असेल तर नारिंगी. जुळत नसेल तर पुढची मात्रा देऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा.