लोहगाव ते लवळे : शेवटचे तीस किलोमीटर

व्यापारी घराण्यांना प्रवास नवा नाही. मालाची खरेदी, उधारीची वसुली, सोयरीक आणि लग्नकार्य यांसाठी दूरदूरची वाट तुडवणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या प्रवासाला आणखी एक कारण जोडले गेले : मुलांचे शिक्षण. चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, नागपूर अशा शहरांतून पुण्याला उतरणाऱ्या विमानांत आज असे कितीतरी आईवडील असतात, ज्यांना पुण्यात काहीच काम नसते. त्यांना जायचे असते पुण्याच्या पलीकडे, मुळशी तालुक्यातील लवळ्याला.

डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या सिंबायोसिस संस्थेच्या विद्यापीठाचे संकुल येथील डोंगरावर उभे आहे. फ्लेम विद्यापीठही याच गावाच्या शिवारात आहे. एकेकाळी भातखाचरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता देशभरातील भाषा कानी पडतात.

दुकान एक दिवस बंद ठेवून लेकीला भेटायला निघालेल्या पित्याचा हिशेब साधा असतो. सकाळचे विमान, रात्रीचे परतीचे विमान आणि मधला सारा वेळ लेकीचा. विमान दीड तासात पोहोचवते. विमानतळावर पाऊल ठेवताच फोन येतो, ‘‘पप्पा, उतरलात का? किती वाजेपर्यंत याल?’’ आणि हिशेब चुकतो तो नेमका येथेच. लोहगाव ते लवळे हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तासाभराचे. गर्दीच्या वेळी तेच दोन तासांवर जाते. जाता-येता चार तास रस्त्यातच गेले, तर भेटीसाठी उरते काय?

याचे मूळ पुण्याच्या रचनेत आहे. लोहगाव शहराच्या ईशान्येला, तर लवळे पश्चिमेला. लोहगावची धावपट्टी १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी तयार झाली. मुंबईचे हवाई संरक्षण हा तिचा हेतू होता. नागरी प्रवाशांची सोय त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हती. आजही तो भारतीय हवाई दलाचा तळ असून त्याच्याच एका भागातून नागरी वाहतूक चालते. त्यामुळे लवळ्याच्या प्रवाशाला संपूर्ण पुणे आडवे ओलांडावे लागते. शहराला वळसा घालून जाणारी सोयीची वाट त्याला नाही.

विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि त्याच वर्षी १४ जुलैपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. इमारत प्रशस्त आहे. तथापि मोबाईलवरून बोलावलेली टॅक्सी दारात मिळेलच असे नाही. तिच्यासाठी बहुधा जवळच्या ‘एरोमॉल’ या बहुमजली वाहनतळाकडे जावे लागते. सोबत वृद्ध किंवा जड सामान असेल, तर हा वेळ धरूनच चालावे.

मोटारीने जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक शिवाजीनगर, विद्यापीठ चौक, पाषाण, सूस आणि नांदे अशी. दुसरी कोथरूड, चांदणी चौक, भूगाव आणि पिरंगुट अशी. टॅक्सीत बसण्यापूर्वी कोणत्या फाटकाशी यायचे, हे मुलाला विचारून घ्यावे. केवळ ‘लवळे’ एवढ्यावर निघालेल्या गाडीला डोंगराभोवती फेरी पडू शकते.

सामान थोडे असेल, तर मेट्रोचा विचार अवश्य करावा. विमानतळापासून रिक्षाने चार-पाच किलोमीटरवर, नगर रस्त्यालगत, रामवाडी स्थानक आहे. वनाज ते रामवाडी या मार्गिकेचा शेवटचा टप्पा ६ मार्च २०२४ रोजी खुला झाला. सुमारे पंधरा किलोमीटरचे हे अंतर गाडी चाळीस मिनिटांच्या आसपास कापते, तेही चाळीस रुपयांच्या आत. मुख्य म्हणजे हा वेळ सकाळी आणि संध्याकाळी सारखाच असतो. ज्याला वेळेचा भाव कळतो, त्याला या खात्रीचे मोल वेगळे सांगायला नको.

हा प्रवास म्हणजे पुण्याची ओळखही आहे. बंडगार्डनजवळ गाडी मुळा-मुठा ओलांडते. येथील बंधारा एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभाय या व्यापाऱ्याच्या दानातून उभा राहिला. व्यापारातून मिळवलेले धन पाण्यासाठी वेचण्याची ती रीत आजच्या प्रवाशानेही क्षणभर आठवावी. पुढे पुणे स्टेशन, जिल्हा न्यायालय आणि मग मुठेच्या काठाकाठाने डेक्कन. संभाजी उद्यान आणि डेक्कन या स्थानकांच्या छतांना मावळी पगडीचा आकार दिलेला आहे. कोथरूडच्या टोकाला वनाज येते आणि मेट्रो संपते.

तेथून लवळे साधारण पंधरा किलोमीटर. रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाल्यावर तेथील कोंडी बरीच सुटली. मेट्रो वनाजहून चांदणी चौकापर्यंत वाढवण्यास केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. पुढे भूगावचा अरुंद रस्ता, त्याशेजारी मानस तलाव, मग भुकूमनंतरचा छोटा घाट आणि पिरंगुट. येथून उजवीकडे लवळ्याची वाट फुटते. बंडगार्डनला ज्या मुळेचे पाणी ओलांडले, ती याच मुळशीच्या डोंगरांतून खाली वाहत जाते.

परदेशातून किंवा अन्य कारणाने मुंबईत उतरणाऱ्याची स्थिती मात्र वेगळी. द्रुतगती मार्गाने येऊन महामार्गावरील सूस खिंडीतून आत वळले, की पुणे शहर ओलांडावेच लागत नाही. अंतर पाचपट असले तरी अखेरचा टप्पा सोपा होतो.

प्रवेशाच्या दिवशी गादी, बादली, बॅगा असा संसार सोबत असतो; तेव्हा टॅक्सीच बरी. रात्री उशिराच्या विमानाने एकट्या येणाऱ्या मुलामुलींनी गाडीचा क्रमांक घरी कळवावा आणि वसतिगृहाला आधी सूचना द्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असणाऱ्यांनी दुपारनंतरच्या विमानाने येताना डबा सोबत ठेवावा. संध्याकाळच्या कोंडीला घड्याळ कळत नाही.

शेवटी हिशेब तिकिटाचा राहत नाही, तासांचा राहतो. स्वस्त विमान निवडून पाचशे रुपये वाचवले आणि ते सायंकाळी सहाला उतरले, तर त्या बचतीची किंमत डोंगरावर वाट पाहत बसलेली लेक मोजते. सकाळी नऊला उतरणारा पिता मात्र दुपारच्या जेवणाला तिच्या शेजारी बसलेला असतो.