बुलेटिनच्या घरातली मुलं

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ज्यांचे वडील तालुक्याच्या गावी रोटरीत किंवा लायन्समध्ये होते, त्यांना ‘बुलेटिन’ एवढंच म्हटलं तरी पुरे. सायक्लोस्टाईल केलेली चार पानं, शाईचा वास, कोपऱ्यात टाचणी. बुकपोस्टानं दर आठवड्याला घरोघर यायची. आमच्या घरी ती येत नसत, आमच्या घरातून जात. सोलापूर-लातूर पट्ट्यातल्या आमच्या गावच्या रोटरी क्लबाचं बुलेटिन माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे होतं. अध्यक्ष दर १ जुलैला बदलत, बुलेटिन मात्र वर्षानुवर्षं अण्णांकडेच राहिलं.

सभा मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी रात्री जेवणं झाली की अण्णा वही घेऊन बसत. ते वकील, कोर्टाच्या कामासाठी मराठी टाइपरायटर होता, त्यावर त्यांचे कारकून स्टेन्सिल कापत. अक्षर चुकलं की लाल द्रव ब्रशनं लावायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर पुन्हा टाइप करायचं. शुक्रवारी छापलेला गठ्ठा आला की घरातल्या प्रत्येकाला काम. ताई घड्या घालायची, मी पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायचो, आजी वाटीत खळ कालवून द्यायची, आई तिकिटं लावायची. बुकपोस्टाला तिकीट कमी लागे, पण टोकं उघडी ठेवावी लागत. त्यामुळे पोस्टमनही बुलेटिन वाचतो, अशी आमची खात्री होती आणि तिचा आम्हाला अभिमान वाटे.

त्यात असायचं काय? मागच्या सभेचा वृत्तान्त, पुढच्या सभेचा वक्ता, हजेरीची टक्केवारी, चुकलेल्या सभेची भरपाई म्हणून परगावच्या क्लबात बसून ‘मेकअप’ करून आलेल्यांची नावं. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कुणाच्या मुलीचा दहावीचा निकाल, कुणाच्या घरचं दुःख. प्रत्येक नावाआधी ‘रो.’, गावातल्या लायन्सच्या पत्रकात तसंच ‘ला.’. हे सगळं कुणीही लिहिलं असतं. अण्णांचं खरं लिखाण चौथ्या पानाच्या तळाशी, एका चौकटीत असे. त्या आठवड्यात कुणी काय केलं, याच्या पाच-सहा ओळी. अध्यक्षांचं कौतुक तिथे कधी नसे. त्यांचं नाव पहिल्या पानावर येतच असे, असं अण्णा म्हणत. चौकटीसाठी ते चौकश्या करत. दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारत, शाळेच्या शिपायाला विचारत. कुणी न सांगता केलेलं काम त्यांना हवं असे.

एक सभासद अडतीचा धंदा करायचे. सभेत एक शब्द बोलायचे नाहीत, जेवायचे आणि जायचे. एका नेत्रशिबिरानंतर त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या जीपमधून वाडीवस्तीवर नेऊन सोडलं. रस्ते कसले, गाडीवाटाच त्या. कुणाला पत्ता नव्हता. अण्णांना ते शाळेच्या शिपायाकडून कळलं आणि चौकटीत आलं. त्या सभासदांच्या आईला अक्षरओळख नव्हती. नातवानं ते वाचून दाखवलं आणि माउलीनं तो अंक देवघरात पोथीखाली ठेवला. पुढच्या शिबिराला ते स्वतःची जीप आणि शेजारच्या अडत्यांच्या आणखी दोन गाड्या घेऊन हजर झाले. प्रोत्साहन म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. व्यासपीठावरच्या शालीपेक्षा त्या पाच ओळींनी माणसं जास्त जोडली, असं माझं आजही मत आहे.

ती शिबिरं आजच्या मुलांना सांगूनही खरी वाटणार नाहीत. सुट्टीत शाळेचे वर्ग धुऊन निघायचे, बाक बाहेर, जमिनीवर गाद्यांच्या रांगा. डोळ्यात भिंग बसवण्याची सोय तेव्हा नव्हती. मोतीबिंदू काढला की काही दिवस पट्टी बांधून पडून राहायचं आणि नंतर जाड काचांचा चष्मा. मुगाची खिचडी आणि शिरा सभासदांच्या घरून जायचा. आम्ही मुलं पाणी द्यायचो, पोस्टकार्डं लिहून द्यायचो. मोतीबिंदू शिबिरं लायन्सचीही असत. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून लायन्सनं ते काम आपलं मानलं आहे. आमच्या गावात दोन्ही क्लबांची स्पर्धा होती, पण गाद्या एकमेकांच्या वापरल्या जात.

बुलेटिनची ही चाल खूप जुनी. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती जमले, तिथून रोटरी सुरू झाली. क्लब वाढले, गावं लांब लांब. मग जानेवारी १९११ मध्ये ‘द नॅशनल रोटेरियन’ हे पत्र निघालं. हॅरिस यांना आपलं म्हणणं सगळ्या क्लबांपर्यंत पोचवायचं होतं. शिकागोपासून इतक्या दूर, आमच्या माजघरात, खळीच्या वाटीभोवती तीच गरज भागवली जात होती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. शिरा आईनं केलेला, पट्ट्या-तिकिटांत आईचे हात, पण अंकात तिचा उल्लेख ‘ॲन’ म्हणून आणि पुढे अण्णांचं नाव. सभासदांच्या बायकांना क्लबात तसंच संबोधत. मँचेस्टरला १९२४ मध्ये सुरू झालेल्या इनरव्हीलची शाखा पुढे आमच्याकडे आली, तिथे बायकांना स्वतःचं व्यासपीठ मिळालं. रोटरीनं जगभर स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं ते १९८९ मध्ये. हा उशीर अन्यायाचाच होता.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि चारच्या सुमाराला जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर ही नावं सकाळी रेडिओवर ऐकली तोवर गावातली माणसं ट्रक घेऊन निघालीही होती. आमच्या गल्लीत चुली दिवसभर पेटलेल्या होत्या. भाकऱ्यांची गाठोडी, घोंगड्या, कंदील, औषधं. पुढच्या अंकात अण्णांनी अहवाल छापला नाही. चारही पानं नावांची होती. कुणाचा ट्रक, कुणाचं धान्य, कोणते डॉक्टर तिथे राहिले. आणि भाकऱ्या करणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, तिचं स्वतःचं, आधी काही नाही, नंतर काही नाही. रोटरीशी काही संबंध नसलेल्या शेजारणींचीसुद्धा. आईनं तो अंक दोनदा वाचला आणि तिकिटं लावायला घेतली.

पल्स पोलिओ १९९५ मध्ये देशभर सुरू झाला तेव्हा आमची पिढी कमावती झाली होती. रोटरीनं १९८५ मध्येच पोलिओचं काम अंगावर घेतलं होतं. बर्फाच्या डब्यातली लस, दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाईची खूण. रविवारी सकाळपासून बूथवर बसायचं आणि दुपारनंतर राहिलेली मुलं शोधत वस्त्यांवर फिरायचं. असे रविवार वर्षामागून वर्षं आले. माणसं कंटाळायची, साहजिक होतं. अण्णा थकले होते तरी चौकट चालू होती: ऊसतोड कामगारांच्या पालावर कोण गेलं, कोणी नकार देणाऱ्या आजीची समजूत काढली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या बातमीत आमच्या तालुक्याचं नाव असण्याचं कारण नव्हतं. पण ती वाचताना चौकटीतली सगळी नावं माझ्या डोळ्यांसमोर आली.

आता क्लबांचे व्हॉट्सॲप गट आहेत. कार्यक्रम संपायच्या आत पन्नास फोटो येतात, त्याखाली टाळ्यांची चित्रं. बातमी झटपट पोचते, हे चांगलंच आहे. पण फोटोत बॅनर धरलेले दिसतात आणि खुर्च्या उचलणारा दिसत नाही. त्याला शोधून त्याच्याबद्दल पाच ओळी लिहिणारं कुणी तरी प्रत्येक क्लबात हवं. याला पैसे लागत नाहीत, चौकश्या करण्याची हौस लागते. या जुलैत ज्यांच्याकडे सचिवपद किंवा संपादनाचं काम येणार आहे, त्यांनी हे काम मनावर घ्यावं.

आणि माझ्या पिढीच्या भावाबहिणींनो, तुमच्या माळ्यावर, वडिलांच्या कपाटात जुन्या बुलेटिनच्या फायली असतील. रद्दीत घालू नका. आपल्या गावात दवाखाना, पाणपोई, रक्तपेढी कुणाच्या कष्टानं उभी राहिली, याची नोंद बऱ्याच ठिकाणी फक्त तिथेच आहे. पावसाळ्याआधी त्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या.